समुद्रतळाचे आवाज

संगीतकार मृणालिनी केळुसकर आपली सातवी संगीतिका मालवणजवळ, समुद्रतळावरच्या वसाहतीत बसवत होत्या. तिथल्या हवेत हेलियम असल्यामुळे सगळ्यांचे आवाज बदकासारखे येत. किनाऱ्यावर फोन लावला की यंत्र ते सुधारून वर पाठवी.

"प्रयोगालाही यंत्र लावूया, बाई," मुख्य भूमिका करणारा वेल्डर इनास म्हणाला. "वरचे लोक हसतील."

"हसू देत. मी चाली याच आवाजांसाठी बांधल्यात."

मालवणच्या मैदानात पडद्यावर प्रयोग थेट दिसला. पहिल्याच ओळीला लोक खो खो हसले. ते हसू खालीही ऐकू आलं आणि इनास थबकला. मृणालिनीबाईंनी हार्मोनियमवर तीच ओळ पुन्हा धरली. तो डोळे मिटून गाऊ लागला. तिसऱ्या गाण्यापर्यंत मैदान शांत झालं होतं. शेवटी टाळ्या थांबेनात.

प्रयोग संपताच इनासच्या आईचा फोन आला.

"झिला, ह्यो तुझो खालचो खरो आवाज? मगे चार वर्सां माझ्याशी कोण बोलत होतो?"

इनासनं यंत्र बंद केलं आणि नुसतं "आये" म्हणाला. पलीकडे ती आधी हसली, मग रडली, मग जेवलास का म्हणून विचारू लागली.

मृणालिनीबाई शेजारीच बसून राहिल्या. वर परतायची त्यांना मुळीच घाई नव्हती.