निष्ठावंत प्रवासी

मंगळवारपासून गावची बस बंद झाली आणि रंभाबाईंची मेथी घरातच सुकू लागली. सोलापूरच्या बाजाराला जायला गावातून दुसरी गाडीच नव्हती. रविवारी 'जुनी वाहने जतन मंडळा'ची मोटार त्यांना सत्काराला घेऊन गेली, त्या बसने तीस वर्षं जाणाऱ्या निष्ठावंत प्रवासी म्हणून. बागेत, दोरीच्या आत, हार घालून त्यांचीच लाल बस उभी होती.

"सहा महिने पाठपुरावा करून मिळवली आम्ही," जन्मात कधी बसमध्ये न बसलेले अध्यक्ष सुबोधराव माइकवर सांगत होते. "इंजिन अजून ठणठणीत आहे. पण आता ही रस्त्यावर कधीच झिजणार नाही." टाळ्या पडल्या. त्यांनी शाल उलगडली.

 

"शाल ऱ्हाऊ द्या, साहेब," रंभाबाई म्हणाल्या. "किल्ली द्या. डायवर मी आनते."