पडद्यावरचा व्हरांडा

पडद्यावर स्वतः रंगवलेला लांबलचक व्हरांडा म्हणजे स्टुडिओवाल्या म्हाताऱ्याचा जीव की प्राण. फोटोत तो इतका खोल दिसायचा की गिऱ्हाइकं पडद्याला हात लावून खात्री करायची.

"दोन भिंगांच्या कॅमेऱ्यापुढे तुमचं पितळ उघडं पडेल, बाबा," लेक म्हणाली. "त्याला दोन डोळ्यांसारखी खरी खोली कळते, त्यात कापडाचं कापडच दिसतं."

"बस त्या खुर्चीत. होऊनच जाऊ दे!"

तासाभरात त्यानं जोडफोटो धुऊन छापला आणि दोन्ही फोटो एकत्र करून दाखवणाऱ्या यंत्राला डोळे लावले. लेक मागे पडद्यापाशी आवराआवर करत होती.

व्हरांडा खोल खोल जात होता. खांबामागे खांब, अगदी शेवटी बंद दार. म्हाताऱ्याची छाती फुगली. चाळीस वर्षं घासलेल्या कुंचल्यानं कॅमेऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत धूळ फेकली होती!

मग त्याची नजर लेकीवर गेली. खुर्ची चांगली भरीव दिसत होती. तिच्यावर बसलेली लेक मात्र कागदातून कापून चिकटवल्यासारखी सपाट होती.

"अगं, जरा इकडे ये बघू," यंत्रावरून डोळे न काढता तो म्हणाला.

"आले हं, बाबा!"

आवाज घुमत घुमत आला, व्हरांड्याच्या पार त्या टोकाकडून.