उघडं दार

"आत काही ऐकूच आलं नाही हो, काका," बारमालक म्हणाला. "शनिवारी मारामारी झाली ती बाहेर. आमचं दार उघडंच होतं. तुमचा मुलगा आत आला असता, तर वाचला असता."

पंचनाम्याला आलेला हवालदार ते लिहून घेत होता. मुलाचं चेपलेलं हेल्मेट काखेत धरून काका दाराकडे बघत होते. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये त्यांनी गाड्यांचे पोचे काढले होते, आणि या लोखंडी दाराचा निळा रंग दोन दिवसांपलीकडचा नव्हता.

ते पत्र्यावर बोटाने टिचक्या मारत गेले. पत्रा खणखणत होता. छातीच्या उंचीवर आवाज एकदम बद्द झाला. तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली होती. कमरेपाशी पुन्हा तसंच. मग ते गुडघ्यांवर बसले आणि उंबऱ्यापासून वीतभर वर त्यांचं बोट थांबलं.

"हेल्मेटने ठोकत होता, साहेब," ते हवालदाराला म्हणाले. "आधी उभ्याने. मग बसून. इथे तर आडवा पडला होता."

त्यांनी मालकाकडे मान वळवली.

"उघडं दार कुणी इतका वेळ ठोकतं का हो?"