लाल दिवा
हौशी रेडिओच्या नादात ओळख झालेल्या माणसाला मीच धाकटी बहीण दिली होती. आज त्याला कॉम्प्युटरला जोडलेल्या सेटवरूनच ठणकावलं, “ती इकडे आलेली नाही.” ती माझ्या मागेच बसली होती, पाठीवर वळ घेऊन. “दादा, त्याला संशय आला तर?” “त्याच्या बापालाही पत्ता लागणार नाही. सहाच्या बसने तुला मावशीकडे पोचवतो.” तिला धीर आला. “हा लाल दिवा कसला रे?” मी सेटकडे वळून पाहिलं. बोलताना दर वेळी बटण दाबायचा कंटाळा म्हणून मीच सेट आवाजावर चालणारा केला होता. खोलीत कुणी बोललं की दिवा लागून ते प्रसारित व्हायचं. गप्प झालो तसा दिवा विझला, स्पीकर खरखरला. “मावशीकडे कशाला, दादा? गाडीतल्या सेटवर ऐकतोय मी, तुमच्याच दारात.” बहिणीने तोंडावर हात दाबला, तरी हुंदका फुटलाच. दिवा पुन्हा पेटला.