उसवलेली पाकळी

“ही पाकळी पुन्हा सुटली,” तेपाएरू बाई म्हणाल्या. “तुझे टाके तुझ्या आजीने बघितले, तर ती मलाच जाब विचारेल.”

 तुआइनेने सुईत लाल दोरा ओवला.

खिडकीबाहेर संथ पाणी होतं, त्यापलीकडे प्रवाळाचा बांध, आणि बांधापलीकडे खरा समुद्र. पाण्यावरचं ऊन उसळून छतावर येई आणि तिथे तरंगत राही. खोलीत बसलेल्याला आपण पाण्याच्या तळाशी आहोत असं वाटे.

बाई शाळेच्या समुपदेशक. मनात काही घेऊन आलेल्या मुलाच्या हातात त्या आधी सुई देत. हात गुंतले की तोंड उघडतं, असं त्यांचं म्हणणं. पंधरा वर्षं एकच तिवाएवाए त्यांच्या टेबलावर पसरलेली होती, पांढऱ्या कापडावर जास्वंदीची लाल फुलं. आयतुताकी बेटावर ही गोधडी माणसाला जन्मभर पुरते. लग्नात मिळते, जावळाच्या दिवशी पोराला तिच्यावर बसवतात आणि शेवटी तिच्यातच गुंडाळून मातीत ठेवतात. ज्याची असेल त्याचं नाव मागच्या कोपऱ्यात टाक्यांनी घालतात.

पंधरा वर्षं रेंगाळलेल्या कामाला या महिन्यात वेग आला होता.

“खिडकीतल्या कुंड्या कुठे गेल्या?” तुआइनेने विचारलं.

“वाटून टाकल्या. तुला हवी होती का एखादी?”

“नको.”

छतावरचं ऊन हललं.

“बाई, ते मी कुणाला सांगू का?”

“काय?”

“तेच. एक माणूस शुक्रवारी ओहोटीबरोबर होडी घेऊन बांधापलीकडे जाणार आहे. परत यायचं नाही म्हणून जाणार आहे.”

बाईंनी टाका घातला, दोरा ओढला. “तुला विश्वासाने सांगितलं ना?”

“शिवता शिवता तोंडातून निघून गेलं. मग माझ्याकडून वचन घेतलं.”

“मग झालं तर.”

तुआइनेने दाराकडे बघितलं. तिथे बाईंच्याच अक्षरात पाटी होती: इथलं बोलणं इथेच राहील. कुणाच्या जिवाशी गाठ असेल तर मात्र नाही.

“तुम्हीच लिहिलंय.”

“ते माझ्यासाठी. तू समुपदेशक कधी झालीस? नववीत आहेस, गणितात नापास.”

“काठावर पास.”

दोघी थोड्या हसल्या.

“माझ्यावर सोड,” बाई म्हणाल्या. “मी बघते.”

“सोमवारीपण हेच म्हणालात.”

बाईंनी बांधापलीकडे बघितलं. मग त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. “आज एवढी पाकळी पक्की कर. उद्या सकाळी गोधडी घरी न्यायचीय.”

घंटा झाली. बाई शिक्षकांच्या बैठकीला गेल्या.

गुरुवार होता. तुआइने एकटी बसून राहिली. शब्द मोडला तर बाई कदाचित आयुष्यात पुन्हा तिच्याशी बोलणार नव्हत्या. शब्द पाळला तर उद्या ओहोटी येणारच होती. तिने सुई टोचून ठेवली, गोधडीची घडी केली आणि ती छातीशी धरून निघाली.

मुख्याध्यापक तारोआ सर पपई खात होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी बशी बाजूला सारली.

“कुणी मारलं का? घरी काही झालं?”

“नाही.”

“तू स्वतःला काही करणार…”

“नाही सर. मी वचन मोडायला आलेय.”

तिने होडीचं सांगितलं, ओहोटीचं सांगितलं. सर खुर्चीतून उठले.

“उद्या? थांब, आधी तेपाएरूला बोलावतो. अशा मुलांशी बोलणं तिलाच जमतं.”

“त्यांना नका बोलावू.”

“का? अगं, मुलाचं नाव तरी सांग.”

नाव तिच्या तोंडून निघेना. तिने गोधडी टेबलावर उलगडली.

“ही पाकळी आपोआप सुटत नव्हती, सर. रोज मीच उसवत होते. काम संपू नये म्हणून.”

मग तिने मागचा कोपरा उलटून दाखवला. सरांनी चष्मा लावला. तिथे नेटक्या, सरावलेल्या टाक्यांत एकच नाव होतं: तेपाएरू.