फिका पडणारा कागद

भोरच्या स्टुडिओत जलालभाईंनी प्रिंटरचा नवा, जाडसर कागद बनाबाईंच्या हातात दिला. "मावशी, हा कापसाचा. यावर सावळारामबापूंचा चेहरा शंभर वर्षं फिका पडणार नाही."

चटका बसावा तसा बनाबाईंनी हात मागं घेतला. "लवकर रंग उडंल असा न्हाई का? नवा फोटो लावायचा हट्ट लेकाचा हाये. मालक गेल्यावर बी घरात त्यांच्या वहाणा वाजायच्या. जुन्या फोटोतला चेहरा पार पुसला, तवा कुठं थांबल्या."

मापासाठी आणलेला, फडक्यात बांधलेला तो जुना फोटो त्यांनी न बघताच पुढं सरकवला. जलालभाईंनी गाठ सोडली. कालच फोटो काढावा तसे सावळारामबापू त्यांच्याकडं रोखून बघत होते.

"पुसलाय न्हवं?"

"पार पुसलाय, मावशी," म्हणत जलालभाईंनी फोटो पालथा ठेवला.