अक्षरांचा आकार

प्रबंधाचं घोडं तीन वर्षं चौथ्या प्रकरणापाशीच पेंड खात होतं. आज लिहायचंच, असं ठरवून तो सकाळी टेबलाशी बसला. मग त्याने दातांच्या जुन्या ब्रशने कीबोर्ड घासला, संदर्भांची यादी पुन्हा एकदा लावली आणि शेवटी अर्पणपत्रिकेचं पान उघडलं. त्यावर 'आईस' एवढाच मजकूर होता. अक्षरं बारा आकाराची शोभतील की चौदा, यात दुपार झाली.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवलास का रे?"

"हो. लिहितोय."

"किती राहिलं?"

"थोडंच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली होतीस ना? ऑपरेशन कधी म्हणाले?"

"तुझं झालं की करू म्हणून थांबलो होतो, ते चुकलंच आपलं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही म्हणे. आता ऑपरेशन करूनही फारसा उपयोग नाही. तू घाई नको करूस हं. फक्त ते माझं पान जरा मोठ्या अक्षरांत छाप."

फोन ठेवल्यावर त्याने अक्षरं अठराची केली, मग छत्तीसची, मग बहात्तरची. एवढा मोठा 'आईस' पानावर नीट बसेना, म्हणून तो समास कमी-जास्त करत राहिला.

अंधार पडल्यावर त्याने दिवा लावला. चौथं प्रकरण त्याने त्या दिवशीही उघडलं नाही.